पेटी ज्याची, चेहरा त्याचा

संपादक म्हणाले, "तुमच्या धंद्यातल्या गमती लिहा. दिवाळी आहे, लोकांना हसू द्या." गमती माझ्याकडे पोतंभर आहेत. पण एक गोष्ट सगळ्यांना सांग असं एका माणसाने मला बजावलंय, ती या लेखात लिहायचीय, आणि ती गमतीची नाही. ती छापून आली की मालेगावपासून मंगरूळपीरपर्यंत मला ओळखणारा जो तो वाचणार. पंधरा दिवस झाले, कागद पुढे घेतो आणि उठून चहा पितो. बायको म्हणते, "लिहा नाईतं साखर तरी वाचवा." म्हणून आज लिहितोच.

माझा धंदा चेहरे रंगवायचा. शाळांची गॅदरिंगं, गावातली नाटकं, दंडारीची लोकनाट्यं, प्रभातफेरीतले गांधीजी, हे सगळं मी चाळीस वर्षं केलं. शहरात याला रंगभूषाकार म्हणतात. आमच्याकडे 'थोबाड रंगवणारा दिगू' म्हणतात, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, मलाही नाही. डिसेंबर-जानेवारीत मला जेवायला फुरसत नसायची आणि जूनमध्ये कुणी ओळख द्यायचं नाही.

एका शाळेत अकरा शिवाजी होते. प्रत्येक बाप वजनदार, त्यामुळे हेडमास्तरांना कुणालाच नाही म्हणता येईना. मी अकरा दाढ्या चिकटवल्या. दाढी चिकटवायला डिंकासारखं एक द्रव असतं, ते वाळेपर्यंत तोंड हलवायचं नसतं. सातव्या महाराजांना शिंक आली आणि त्यांची दाढी आठव्या महाराजांच्या गालावर जाऊन बसली. प्रेक्षकांतून एक म्हातारी ओरडली, "अवो, त्याले दोन दोन आल्या, याले एक बी नाही!" असले प्रसंग शंभर आहेत. एका सरपंचांनी निवडणुकीच्या फोटोसाठी "दहा वर्षं कमी कर" म्हणून सांगितलं. मी केली. बॅनर पाहून लोक विचारायला लागले, हा पोट्टा कोण उभा हाये? ते पडले, आणि अजूनही ते पडणं माझ्याच खात्यावर आहे.

पण खरी विद्या म्हणजे म्हातारं करणं. नवशिके समोर येईल त्या तोंडावर काळ्या रेघा ओढतात, मग तो माणूस म्हातारा दिसत नाही, आजारी मांजर दिसतो. आधी त्या माणसाला हसायला लावायचं, कपाळाला आठ्या घालायला लावायच्या, उन्हात बघतो तसे डोळे बारीक करायला लावायचे. जिथे घडी पडते तिथेच रेघ. ज्याचं त्याचं म्हातारपण ज्याच्या त्याच्या तोंडावर आधीच आखलेलं असतं.

हे मला उकंडराव मास्तरांनी शिकवलं. ते कुठल्या शाळेत मास्तर नव्हते. मंगरूळपीरला राहायचे, लोखंडी पेटी सायकलला बांधून गावोगाव चेहरे रंगवत हिंडायचे, आणि मला शिकवत म्हणून मी मास्तर म्हणायचो. पुढे सगळेच म्हणायला लागले. त्यांचे नियम दोनच. पहिला, कुठलाही रंग आधी आपल्या मनगटावर लावायचा, तासभर थांबायचं, मगच दुसऱ्याच्या तोंडाला. दुसरा, "पेटी ज्याची, चेहरा त्याचा." म्हणजे पेटीतून निघालेल्या रंगाने काहीही झालं, तर ज्याची पेटी त्याने पुढे व्हायचं. हात कुणाचा होता ते विचारायचं नाही.

आता ती गोष्ट.

पंचवीसेक वर्षं झाली असतील. मालेगाव तालुक्यातल्या एका शाळेचं गॅदरिंग होतं. मी तेव्हा तिशी ओलांडलेला, मास्तरांच्या हाताखालचा. एक लहान मुलगी उगवता सूर्य होणार होती, सबंध तोंड लाल पाहिजे होतं, आणि पेटीतला लाल संपला होता. मास्तर दुसऱ्या खोलीत मावळ्यांना मिशा लावत होते. माझ्या पिशवीत पोळ्याचा उरलेला रंग होता, बैलाच्या शिंगांना लावतो तो. मी तो मास्तरांच्या पेटीतल्या वाटीत, खोबरेल तेलात कालवला. मनगटावर लावायला वेळ नव्हता. खरं सांगायचं तर वेळ होता, मी कंटाळा केला.

नाच संपायच्या आत पोरीचं तोंड सुजलं, डोळे मिटले. तिचा बाप किसनराव एका हातात बॅटरी घेऊन, दुसऱ्या हाताने तिला धरून आमच्या खोलीत घुसला. "कोनं रंगवलं माह्या पोरीले?"

मी कोपऱ्यात, टांगलेल्या कपड्यांआड, आरशासमोर पाठमोरा बसलो होतो, ब्रश पुसत; कपड्यांच्या फटीतून मला आरशात सगळं दिसत होतं, मी कुणाला दिसत नव्हतो. मास्तर दारातून आत आले, पोरीला पाहिलं, पेटी पाहिली, आणि म्हणाले, "रंग माह्या पेटीतला हाये. आधी तिले दवाखान्यात न्या, मंग मले जे म्हणाचं ते म्हणा."

किसनरावाने बॅटरी उगारली आणि मास्तरांच्या भुवईवर हाणली.

मी ते आरशात पाहिलं. रक्त डोळ्यावर उतरताना पाहिलं. मी वळलो नाही. मागे धावपळ झाली, सगळे पोरीला घेऊन बाहेर पडले, मास्तर डोळ्याला रुमाल लावून त्यांच्या मागोमाग गेले, तेव्हा मी मागच्या दाराने बाहेर पडलो. नंतर भेटलो तेव्हा म्हणालो, "मास्तर, मी पाणी आणायले गेलतो. काय झालं?"

पोरगी आठ दिवसांत बरी झाली, देवाची कृपा. पण 'उकंडराव पोरीयचे तोंड जाळते' हे वाक्य तिच्या सुजेपेक्षा जास्त दिवस टिकलं. पुढच्या वर्षी हेडमास्तरांनी मला बोलावलं, मग दुसऱ्या शाळेने, मग सगळ्यांनी. मास्तरांनी पेटी माळ्यावर टाकली. मी दोनदा एसटीने मंगरूळला गेलो. दोन्ही वेळा स्टँडवर उतरलो, चहा घेतला आणि त्याच गाडीने परत आलो. तिसऱ्यांदा गेलोच नाही.

गेल्या उन्हाळ्यात जऊळक्याजवळच्या एका गावात सिनेमावाले आले. पुण्याची एक तरुण बाई दिग्दर्शक, सोबत तीसेक माणसं. गोष्ट इंग्रजांच्या वेळची, धोतरं, बंड्या, पटके. पण गोष्ट म्हणाल तर एवढीशी. एक माणूस धाकट्या भावाला फसवून गाव सोडतो, चाळीस वर्षांनी म्हातारा होऊन परत येतो आणि भावाच्या दारात बसून राहतो. कुणी फारसं बोलत नाही. पहिले दोन दिवस सबंध गाव बघायला लोटलं. तिसऱ्या दिवशी चहावाल्या गजाननने मला विचारलं, "दिगूभाऊ, याच्यात हाणामारी कवा हाये?" म्हटलं, नाही. "मंग कायले बनवून राह्यले बाप्पा?"

त्यांचा रंगभूषाकार उन्हाने आजारी पडून परत गेला होता, म्हणून मला बोलावलं. मोठ्या भावाचं काम करणारा नट पंचेचाळिशीचा, त्याला ऐंशीचा करायचा होता. बाई म्हणाल्या, "काका, मला नाटकातला म्हातारा नको. खरा वाटला पाहिजे. जगलेला."

मी नटाला हसवलं, आठ्या घालायला लावल्या, डोळे बारीक करायला लावले आणि कामाला लागलो. या कामाला रबराचा चीक लागतो. कातडी ताणून धरायची, चीक लावायचा, वाळला की सोडायची, मग सुरकुत्या आपोआप पडतात. अडीच तास लागले. हात चालत होते, मी विचार करत नव्हतो. मग भुवईशी आलो आणि हाताने तिथे एक जुनी खोक काढली, केस न उगवलेली. कुणी सांगितली नव्हती. मागे सरकून पाहिलं तर खुर्चीत उकंडराव मास्तर बसले होते.

बाई टाळ्या वाजवायला लागल्या. मी घामाघूम झालो होतो. पुसून टाकतो, दुसरा करतो, म्हणालो. त्या म्हणाल्या, "वेड लागलंय का? हाच!"

तेव्हापासून मला झोप लागेना. रोज सकाळी अडीच तास मी मास्तरांचा चेहरा आपल्या हाताने घडवायचो, आणि तो चेहरा कुणाला द्यायचो, तर भावाला फसवणाऱ्याला. म्हणजे चूक पुन्हा माझी आणि तोंड पुन्हा त्यांचं. उन्हामुळे दाढीची कड सुटायची, मी डिंकाची बाटली घेऊन कॅमेऱ्यामागे उभा असायचो आणि गर्दीकडे बघत राहायचो. मंगरूळचं कुणी आलंय का? कुणी ओळखतंय का?

पाचव्या दिवशी गजाननने चहाचा कप नटाच्या हातात देता देता टाकला. "अरे! हा तं मंगरूळचा उकंडराव मास्तर हाये!"

नेमकी त्याच दिवशी धाकट्या भावाचं काम करणाऱ्या नटाच्या घरून खबर आली की त्यांचा पाय मोडला, ते येत नाहीत. बाईंचा चेहरा उतरला होता. गजाननचं ऐकून त्यांनी मान वर केली. "म्हणजे असा खरा माणूस आहे? काका, तुम्ही बोलला नाहीत! भावाला भावाचाच चेहरा हवा ना!" तासाभरात जीप मंगरूळला निघाली. मी देवाला म्हणालो, त्यांनी नाही म्हणू दे. लगेच वाटलं, नाही म्हणाले तर मी आणखी पंचवीस वर्षं असाच राहणार, आणि तेवढी माझ्याजवळ उरलेली नाहीत.

मास्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आले. ऐंशी पार केलेले, काठी टेकत. माझ्याकडे पाहून फक्त "दिगू" म्हणाले आणि माझ्या खुर्चीत, माझ्या आरशासमोर बसले. मी मागे उभा राहिलो. त्यांच्या तोंडाला लावण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं, म्हातारपण त्यांचं तयार होतं. मी उगाच पावडरचा डबा उघडला आणि झाकला.

तेवढ्यात तयार झालेला नट आत आला आणि आमच्या मागे उभा राहिला. आरशात दोन मास्तर दिसायला लागले. खरे मास्तर काठीवर रेलून आरशाजवळ वाकले.

"चेहरा माहाच हाये," ते म्हणाले. "हात चांगला बसला तुहा."

पंचवीस वर्षांत मला मिळालेली ती सर्वात मोठी शाबासकी. मी काही बोलणार तोच ते वळून नटाकडे तोंड करून बसले, आणि काठीचं टोक आधी त्याच्या भुवईकडे, मग आपल्या भुवईकडे नेलं. "पण खूण उलटी हाये. माही डाव्या अंगाले, याची उजव्या."

मी पाहिलं. खरंच उलटी होती. पाच दिवस मी ती उजव्या भुवईवर काढत होतो आणि मला शंकासुद्धा आली नव्हती.

मास्तर पुन्हा आरशाकडे वळले. आरशातून माझ्याकडे पाहत हळूच म्हणाले, "समोरून पाह्यली असती, तं डाव्या भुवईवर काढली असती. तुनं आरशात पाह्यली, दिगू."

आरशात डावं-उजवं उलटं दिसतं हे आमच्या धंद्यात पोराटोरांना कळतं. मी ती खूण एकदाच पाहिली होती, आरशात, आणि तशीच डोक्यात ठेवली होती. त्यानंतर मास्तरांच्या तोंडाकडे सरळ बघायची माझी छाती झाली नव्हती. नाहीतर ती कुठल्या बाजूला आहे हे मला कळलं असतं.

"म्हणजे तू तवा तिथंच व्हता," मास्तर म्हणाले. "पाणी आणायले गेला नव्हता."

नट बिचारा समजून बाहेर गेला. मी म्हणालो, "व्हतो." मग सगळंच बाहेर पडलं. "रंग शिंगाचा व्हता, मास्तर. पोळ्याचा उरलेला. म्या कालवला. मनगटावर लावला नाही."

"रंग कोणता ते मले तवाच वासावरून समजलं व्हतं," ते म्हणाले. "त्याचं काही नाही. हात हाये, चुकते. पेटी माही व्हती, म्या पुढं झालो. पण मले वाटे, दिगू असता तं धावला असता. पंचवीस वर्षं म्या असंच धरून चाललो. अन् तू बसून पाहून राह्यला व्हता?"

मला रडू आलं. माफ करा म्हणालो. पाय धरायला वाकलो तर त्यांनी काठी आडवी धरली.

"मले कायले सांगतं? मले मालूम झालं. ज्यायले मालूम नाही त्यायले सांग."

बाहेरून बाईंनी हाक मारली.

शॉट असा होता. मोठा भाऊ ओट्याखाली बसलाय. धाकटा घरातून येतो, त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवतो आणि आत जातो. संपला सिनेमा. मास्तरांनी बाईंना विचारलं, "याच्यात माफ केलं कुठं?"

"पाणी दिलं ना, काका."

"पाणी तं आमी दुश्मनालेबी देतो," मास्तर म्हणाले. "दारी आला त्याले पाणी द्याच लागते. त्याच्यात माफी नसते."

बाईंनी वही बंद केली. "मग तुमच्याकडे माफ केलं हे कशावरून कळतं?"

मास्तर म्हणाले, "हातपाय धू, म्हनलं की समजाचं. म्हणजे ताट वाढलं हाये, घरात ये."

बाईंनी तसंच करायला सांगितलं. मास्तर आतून आले, तांब्या ठेवला, उभे राहिले. किती वेळ उभे राहिले देव जाणे. मग त्या नटाकडे, स्वतःच्याच चेहऱ्याकडे, त्या उलट्या खुणेकडे बघून म्हणाले, "हातपाय धू." नट ओक्साबोक्शी रडला. त्याच्या दाढीची कड सुटली आणि मी बाटली घेऊन जागचा हललो नाही. बाईंनीही थांबवलं नाही. गजानन धोतराने डोळे पुसत होता. "हे हाणामारीहून वाईट हाये," म्हणाला.

संध्याकाळी मी मास्तरांना मोटारसायकलवर मागे बसवून मंगरूळला सोडलं. ते घरापुढे उतरले, आणि एकाएकी माझा डावा हात धरून उलटा केला. माझ्या मनगटावर एक काळपट डाग आहे. लोक विचारतात, भाजलं का? त्या गॅदरिंगनंतर मी प्रत्येक रंग तिथे लावून पाहिला, एकही चेहरा सोडला नाही, आणि रंग वर्षानुवर्षं बसत बसत तो डाग झाला. मास्तरांनी त्यावर अंगठा घासला. निघाला नाही.

"किती दिवसांपासून?" त्यांनी विचारलं.

"तवापासून."

ते आत गेले. थोड्या वेळाने सून तांब्या घेऊन आली. मी पाणी प्यालो, तांब्या परत दिला आणि दारात उभा राहिलो. आतून ताटांचा आवाज येत होता. कुणी काही म्हणालं नाही. मग मी गाडीला किक मारली. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. त्यांनी सांगितलेलं काम मी अजून केलं नव्हतं.

पहिल्यांदा गेलो ते किसनरावांकडे. ते आता पार थकलेत. मुलगी लग्न होऊन सुखात आहे, दोन लेकरं आहेत. मी सगळं सांगितलं. वाटलं होतं, बॅटरी शोधतील. ते जमिनीकडे बघत म्हणाले, "म्हणजे म्या भलत्याच माणसाले मारलं. अन् तू हे मले आता सांगून राह्यला, लेकाच्या? आता मी हे कुठं ठेवू?" मी निघालो तेव्हा त्यांनी दारातून हाक मारली, "मंगरूळले जाशीन तवा मलेबी घेऊन जा."

आणि उरलेल्या सगळ्यांसाठी हा लेख. ज्या हेडमास्तरांनी मला बोलावलं, ज्यांनी माझ्यासमोर मास्तरांना नावं ठेवली आणि मी गप्प बसलो, त्या सगळ्यांनी वाचावं. उकंडराव मास्तरांनी कुणाही पोरीचं तोंड जाळलं नाही. ते मी केलं.

सिनेमा कधी येईल माहीत नाही. आला तर बघा, त्यातल्या मोठ्या भावाची खूण उजव्या भुवईवर आहे. पाच दिवसांचं चित्रण झालेलं होतं, बदलता आली नाही. ती तशीच राहणार.

हा अंक छापून आला की पहिली प्रत घेऊन मी आणि किसनराव मंगरूळला जाणार आहोत. मास्तर चष्मा लावून सगळं वाचतील, शेवटपर्यंत, तोवर आम्ही ओट्याखाली उभे असू. पाणी येईल, ते तर दुश्मनालाही मिळतं. पाणी पिऊन झालं की मी तांब्या परत देईन. या खेपेला गाडीला लगेच किक मारणार नाही.